सातव्या पायरीचा जबाब

मित्रांनो, मी दगडाची आहे, जुनी आहे आणि आजपर्यंत मी कुणालाही नापास केलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या कानावर नेमके याच्या उलट आले असणार. आमच्या महाविद्यालयाच्या परीक्षाभवनाला अकरा पायऱ्या आहेत. खालून मोजत आलात की सातवी मी. सहावीबद्दल कुणी काही बोलत नाही, आठवीबद्दलही नाही. माझी कीर्ती मात्र पहिल्या वर्षाच्या मुलांना वेळापत्रकाच्याही आधी कळते. बावीस वर्षे मी सगळे मुकाट्याने ऐकून घेतले. आता तुम्ही ऐका.

माझा दगड शहराबाहेरच्या खाणीतला. मला घडवणारा पाथरवट बुटका होता, उन्हाने रापलेला आणि मोजके बोलणारा. त्याने माझ्यावर हातोडी आपटली, कान लावला आणि शेजारी बसलेल्या सुनेला म्हणाला, "हिला आवाज आहे. ही पायरीला." ज्यांचा आवाज बद्द आला ते दगड भरावात गेले. मग अडीच दिवस तो माझ्यावर टाकी चालवत होता. पाय घसरू नये म्हणून त्याने माझ्या अंगावर तांदळाच्या दाण्याएवढे टवके काढले आणि पुढच्या कडेला सुताभर उतार दिला.

"पाणी साचलं की माणूस घसरतो," तो सुनेला समजावत होता, "आणि शिव्या दगडाला बसतात."

तेव्हा मला त्याचे बोलणे कळले नाही. पुढे चांगलेच कळले.

पहिली चाळीस वर्षे माझी मजेत गेली. पायरीला आयुष्यात पाहायला काय मिळते? पाय. पण पायांवरूनही माणूस बराच कळतो. करकरणारे नवे बूट, टाच झिजलेल्या चपला, मोठ्या भावाचे बूट पुढे कागद कोंबून घालून आलेली मुलगी, सगळे माझ्या ओळखीचे. परीक्षेच्या सकाळी पाय जड पडतात. शेवटचा पेपर संपला की तेच पाय दोन दोन पायऱ्या एकदम उतरतात. सकाळी दहापर्यंत माझ्यावर सावली असते, म्हणून शेवटची उजळणी माझ्यावर बसूनच व्हायची. माझ्यावर बसून सूत्रे पाठ करणारी एक मुलगी पुढे डॉक्टर झाली. एक जण न्यायाधीश झाला. त्यांच्या यशात माझा वाटा आहे, असे मी कधी म्हटले का? नाही ना? मग अपयशाचे खापर तेवढे माझ्या माथी कशाला?

घडले ते असे. परीक्षेच्या आदल्या दुपारी वरच्या दाराला रंग देण्याचे काम चालू होते. रंगारी अळशीच्या तेलाचा डबा घेऊन चढत होता. तो डबा माझ्यावर कलंडला. त्याने चिंधीने पुसले, वर्तमानपत्राचा बोळा फिरवला आणि वाळू आणायला म्हणून निघाला. तेवढ्यात वरून मुकादमाची हाक आली. रंगारी वर गेला आणि वाळू राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगा चढून आला. दरवर्षी पहिला यायचा, म्हणून सगळे त्याला 'नंबर एक' म्हणत. डोळे वहीत, ओठ हलत आहेत, पाय आपोआप चालले आहेत. माझ्यावर पाय पडला आणि तो घसरला. उजवे मनगट त्याच्याच अंगाखाली आले. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला आहे, मित्रांनो. तो अजून माझ्यात आहे.

त्याला उचलताना तो कण्हत सांगत होता, "तेल आहे इथं... कुणीतरी पुसा, तेल आहे..." कुणी ऐकले नाही. सगळ्यांना त्याचा पेपर बुडाल्याचे कळले, तेल कुणाला कळले नाही. दुपारी रंगारी आला. झालेला प्रकार ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. गुडघ्यांवर बसून, वाळू टाकून, त्याने मला टवक्याटवक्यातून घासले आणि कुणाशी काही न बोलता तो निघून गेला. त्याच्यावर माझा राग नाही. चूक उशिरा का होईना, त्याने निस्तरली. माझा राग आहे तो त्यानंतर तोंडोतोंडी जे पसरले त्यावर.

आठवडाभरात मनगटाचे दोन्ही हात झाले. महिनाभरात त्या मुलाला वेड लागले. वर्ष उलटेपर्यंत तो या जगातच उरला नाही! खरे सांगू? त्याने पुढच्या वर्षी परीक्षा दिली, नेहमीसारखाच पहिला आला आणि चांगल्या नोकरीला लागला. पण धडधाकट, नोकरदार माणसाची गोष्ट सांगण्यात कुणाला रस?

पुढच्या वर्षी तीन मैत्रिणी माझ्यावर बसून चहा प्यायल्या. त्यातल्या दोघी नापास झाल्या. तिसरी पास झाली, तिला गोष्टीतून वगळण्यात आले. त्याच्या पुढच्या वर्षी नियमच झाला. "सातवीवर पाय, वर्ष हातचं जाय," असे नवी मुले गुणगुणू लागली. सहावीवरून आठवीवर उडी मारायची, चुकूनही मला टेकायचे नाही. आणि शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की पास झालेल्यांनी वरून उतरत यायचे, दोन्ही पायांनी माझ्यावर उडी मारायची आणि "घे!" म्हणून ओरडायचे. पायरीला पाय लागल्याचे दुःख नसते. पण तो लाथ म्हणून लागला तर दगडालाही कळते.

सहावी आणि आठवी मधोमध खोलगट झाल्या, कामावरच्या माणसाचे हात होतात तशा. मी मात्र त्यांच्या मानाने खरखरीत राहिले. एकदा एक पाहुणे म्हणाले, "ही एक पायरी नवी बसवलेली दिसते." इतकी शरम मला दुसऱ्या कशाची वाटली नाही.

आणि आता हिशेबाचे एक सांगते. माझ्यावर पाय ठेवून पडलेला माणूस एक, तोही तेलामुळे. मला टाळायला उडी मारून पडलेले एकोणतीस! मुरगळलेले घोटे, फुटलेल्या हनुवट्या, आणि एकाचे तर पुढचे दोन दात. त्या प्रत्येकाला उचलताना कुणीतरी म्हणायचेच, "बघ, सातवीपाशीच पडला."

त्या वाईट काळात दोघीच माझ्याशी नीट वागल्या. एक ग्रंथपाल बाई. उंच, गुडघेदुखीने बेजार. दुपारी ग्रंथालय बंद झाले की त्या डबा घेऊन खुशाल माझ्यावर बसत. "मला आता कुठली परीक्षा द्यायची आहे?" असे म्हणत. दुसऱ्या झाडलोट करणाऱ्या मावशी. त्या मला इतर पायऱ्यांसारख्याच झाडत, ना कमी ना जास्त. तेवढा न्यायही मला पुरेसा होता.

बाईंकडे देशोदेशीच्या विद्यार्थ्यांची पत्रे येत. जगभरातली मुले परीक्षेला घाबरून काय काय करतात, हे गोळा करण्याचा त्यांना नादच होता. एका दुपारी त्या मावशींना सांगत होत्या, "एका देशात परीक्षेच्या दिवशी डोकं धुवत नाहीत. शिकलेलं वाहून जाईल म्हणून."

"मग वर्गात बसवत कसं असेल हो?" मावशींनी नाकाला पदर लावला.

"आणखी ऐका. कुठे बुटात टाचेखाली नाणं ठेवतात. कुठे त्या सकाळी बुळबुळीत काही खायचं नाही, चिकट खायचं. म्हणजे अभ्यास चिकटून राहतो. एका ठिकाणी पुतळ्याचा पाय चोळून चोळून चकचकीत केलाय पोरांनी. आणि एका विद्यापीठात तर अंगणातच एक पितळी अक्षर बसवलंय. त्यावर पाय पडला की पहिला पेपर गेलाच म्हणून समजा."

"म्हणजे आपली सातवी एकटी नाही तर!"

"एकटी कसली? जगभर गोतावळा आहे तिचा." बाई हसल्या, मग डब्याचे झाकण लावत म्हणाल्या, "घाबरलेल्या हाताला काहीतरी धरायला लागतं हो, मावशी."

"धरा की मग," मावशी म्हणाल्या. "पण हिला का सोडता?"

मावशींनी माझ्या मनातले बोलून दाखवले. जो टाचेखाली नाणे ठेवतो त्याच्याशी माझे भांडण नाही. त्याने कुणाचा अपमान होत नाही. पण जिचे कामच पाय झेलण्याचे, तिला वाळीत टाकून तुम्ही धीर मिळवणार असाल, तर तो धीर मला मान्य नाही.

अशात टकटक आली.

तिच्या डाव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्या होत्या आणि उजव्या काखेत कुबडी. पहिल्याच दिवशी कुणीतरी कुबडीच्या आवाजावरून मागून "टकटक आली!" असे ओरडले होते. ती वळून म्हणाली होती, "बरं झालं, मला दार वाजवायला नको." ओरडणाराच ओशाळला, आणि नाव मात्र तिला चिकटले.

परीक्षेच्या पहिल्या सकाळी ती आत्याबरोबर आली. आत्या शिवणकाम करणारी. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिली होती, काढायचेही भान नव्हते. टकटकची चढण्याची रीत ठरलेली: आधी कुबडी वर, मग उजवा पाय, मग कमरेतून झोका देऊन डावा पाय. एकेक पायरी, सगळ्या पायऱ्या. ती सहावीवर आली आणि वरून गलका झाला.

"अगं, सातवी! सातवी सोड!"

"सोडू कशी?" तिने मान वर करून विचारले. "उडून?"

सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती तिच्याच वर्गाची प्रतिनिधी. तिला सगळे मॉनिटर म्हणत. ती धावत आठवीवर आली. "आम्ही उचलतो तुला. दोघी इकडून, दोघी तिकडून."

"मी काय कपाट आहे?"

आत्या खालून हळूच म्हणाली, "अगं, मागून दुसरं दार असेल. शिपाईकाकांना विचारूया का? उगाच कशाला..."

"मागचं दार आहे," शिपाईकाका म्हणाले, "पण ते भांडारातून. बाकडी सरकवायला लागतील. अर्धा तास जाईल."

"अर्ध्या तासात पेपर सुरू होईल, काका." टकटक आत्याकडे वळली. "आत्या, घरापासून बसथांब्यापर्यंत किती पायऱ्या आहेत, माहीत आहे तुला? मला माहीत आहे. त्यातली एकसुद्धा मला कुणी माफ केलेली नाही. मी हिला का घाबरू?"

आत्या बाजूला झाली. मोजपट्टीचे टोक तिने मुठीत धरले होते.

टक. कुबडी माझ्यावर आली. मग उजवा पाय, टाचेसकट, पूर्ण. क्षणभर तिचे सगळे वजन माझ्यावर होते. बावीस वर्षांनी परीक्षेला निघालेल्या एका मुलीचे वजन! मित्रांनो, दगडाला शहारे येत नाहीत म्हणतात. म्हणू देत.

दोन महिन्यांनी निकाल लागला. यादी वर दाराशी लावली होती. सांख्यिकीच्या पेपरात सत्तावीस जण नापास झाले होते आणि त्यांत टकटक होती.

काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी माझी काय अवस्था झाली! "सांगितलं होतं ना!", "ऐकलं नाही, आता बस!" अशी वाक्ये माझ्यावरून उड्या मारत गेली. सव्वीस जण मला न शिवता नापास झाले होते, मॉनिटर स्वतः त्या सव्वीसांत होती, पण त्यांच्या उडीला कुणी चकार शब्दाने बोलले नाही. आणि एक कबुली देते. त्या सकाळी मलाही क्षणभर वाटले, खरेच माझ्यात काही खोट असेल का? तेवढा एक क्षण सोडला तर मी स्वतःवर कधी संशय घेतला नाही, आणि त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

टकटक यादी बघून उतरत आली आणि माझ्यावर बसली. आत्या तिच्या शेजारी आठवीवर टेकली. डोळे पुसत म्हणाली, "मी सांगत होते तुला. कशाला हट्ट केलास?"

"आत्या, शेवटचे दोन धडे मी केलेच नव्हते."

"म्हणजे?"

"म्हणजे वाचलेच नव्हते. कंटाळा केला. वाटलं, त्यावर नाही येणार. नेमके त्यावरच तीन प्रश्न आले." तिचा आवाज जड झाला होता, पण तिने तो लपवला नाही. आसपास उभ्या असलेल्या मुलींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "मी वाचलं नव्हतं हे पायरीला ठाऊक होतं का? मला ठाऊक होतं. नापास मी झालेय. ते माझं आहे, ते मी हिला देणार नाही."

आत्याने तिची कुबडी उचलून तिच्या हातात दिली. मग म्हणाली, "घरी चल आधी. तुझ्या त्या दोन धड्यांचं बघतेच मी."

एवढ्यावर थांबले असते तरी मी जन्मभर समाधानी राहिले असते. पण पुढच्याच आठवड्यात एका मुलाने मला टाळायला उडी मारली आणि त्याच्या गुडघ्याची वाटी सरकली. मॉनिटरने लगेच अर्ज लिहिला, त्यावर तीनशे बारा सह्या घेतल्या. मागणी एकच: सातवी पायरी काढून टाकावी.

प्राचार्य गवंड्याला घेऊन पायऱ्यांवर आले. मॉनिटर अर्ज घेऊन सोबत होतीच. गवंड्याने माझ्यावर पहारीचे टोक वाजवून पाहिले, बाजूची भेग बोटाने चाचपली आणि मान हलवली.

"दगड अख्खा आहे, साहेब. खणखणीत. कशाला काढता?"

"मुलं घाबरतात," प्राचार्य म्हणाले.

"काढता येईल. पण नुसती ही निघणार नाही. वरची पायरी खालचीच्या पाठीवर टेकवलेली असते. आठवी हिच्यावर, नववी आठवीवर. हिला हलवायची तर वरच्या चारही उतरवाव्या लागतील. महिना तरी जाईल."

ऐकलेत? बावीस वर्षे मला ओलांडून जे जे आठवीवर ऐटीत उभे राहिले, ते माझ्याच पाठीवर उभे होते! मला ओरडून सांगावेसे वाटले. पण दगड ओरडत नाही, तो पेलतो.

"सुट्टीत करा," प्राचार्य म्हणाले. "हा मुलांच्या मनाचा प्रश्न आहे."

तेवढ्यात खालून टक असा आवाज आला. फेरपरीक्षेचे हॉलतिकीट घ्यायला टकटक चढत होती. ती सहावीवर थांबली.

"सर, हा माझ्या पायाचा प्रश्न आहे. महिनाभर इथे खड्डा असेल. फेरपरीक्षा सुट्टीतच आहे. मी वर कशी जाऊ?"

प्राचार्यांनी गवंड्याकडे पाहिले. गवंड्याने फळी टाकता येईल अशी खूण केली, मग तिच्या पायाकडे बघून स्वतःच हात खाली घेतला.

"आणि सर," ती पुढे म्हणाली, "ही काढाल, नवी बसवाल. ती कितवी असेल?"

"कितवी म्हणजे?"

"सातवीच ना?"

गवंडी फसकन हसला. प्राचार्यांनाही हसू आले, ते त्यांनी खोकल्यात दडवले. मॉनिटर मात्र चिडली. "तुला चेष्टा वाटते! माझ्या दादाचं एक वर्ष गेलंय हिच्यामुळे."

"त्याचा पाय पडला होता?"

"पडला असेल."

"त्यानं सांगितलं तसं?"

मॉनिटर अर्जाच्या कडा दुमडू लागली. मग एकदम तिचे डोळे भरून आले. "आता माझंही वर्ष जायची वेळ आलीये. घरी सगळे माझ्याच निकालाकडे डोळे लावून बसलेत. मी काय करायचं ते तरी सांग."

टकटकचा चेहरा बदलला. तिने पुढे काही बोलण्याआधीच मावशी झाडू टेकवून उभ्या राहिल्या. "साहेब, मी लहान तोंडी बोलते. पडलेल्यांना पाणी मी देते. यंदाच तिघं पडली. तिघंही उडी मारताना. पाय ठेवून पडलेलं माणूस मी अजून बघितलेलं नाही."

प्राचार्य गोंधळले. त्यांनी एक तोडगा काढला. "असं करू. ही मुलगी फेरपरीक्षेला याच पायरीवरून जाईल. पास झाली तर पायरी राहील. नापास झाली तर काढू."

मित्रांनो, मला वाटले ती लगेच हो म्हणेल. माझा जीव टांगणीला लागला होता आणि तिच्या हो म्हणण्याने तो वाचण्याची आशा तरी होती. ती म्हणाली, "नाही, सर."

"का? घाबरलीस?"

"मी पास झाले की पायरी चांगली, नापास झाले की वाईट, हे तर त्यांच्यासारखंच झालं. माझ्या मार्कांचं ओझं हिच्यावर नको. ठेवायची तर ती धड आहे म्हणून ठेवा."

मी इतका ताठ दगड, पण ती माझ्याहून ताठ निघाली.

प्राचार्यांनी मॉनिटरच्या हातातून अर्ज घेतला. मग त्यांनी गवंड्याला विचारले, "एवढ्याच खर्चात लोखंडी कठडा होईल का? दोन्ही बाजूंनी?"

"चार दिवसांत करून देतो, साहेब."

"मग कठडाच करा." त्यांनी अर्जाची घडी घातली आणि मॉनिटरला म्हणाले, "मुलांना सांग, धरायचं तर हा धरा."

फेरपरीक्षेला सत्तावीसच्या सत्तावीस आले. कठड्याचा रंग अजून वास मारत होता. टकटकने एका हाताने कठडा धरला आणि नेहमीच्या रीतीने चढली. माझ्यावर आल्यावर ती थांबली, कारण मागे सहावीवर मॉनिटर उभी होती. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. तिने पायाचा नुसता चवडा माझ्या कडेला लावला आणि लगेच मागे घेतला.

"पूर्ण ठेव," टकटक म्हणाली. "टाचेसकट. अर्ध्या पायानं घसरायला होतं."

"आणि परत नापास झाले तर?"

"तर पुन्हा येऊ. मी शिकवेन तुला. माझ्या आत्यानं ते दोन धडे माझ्याकडून सतरा वेळा म्हणून घेतलेत. तिला स्वतःला त्यातलं अक्षर कळत नाही, तरी घेतलेत."

मॉनिटर रडता रडता हसली आणि तिने माझ्यावर पाय ठेवला. तिच्या मागून आणखी सात जणांनी ठेवला. उरलेल्या अठरांनी उडीच मारली.

निकाल सांगते, पण तुमच्या चेहऱ्यावर नजर ठेवून सांगते. टकटक पास झाली. आता लगेच "पायरी शुभ निघाली" असे म्हणाल तर खबरदार! पुढचे ऐका. माझ्यावर पाय ठेवलेल्या नऊ जणांपैकी सहा पास झाले, तीन नापास. उडी मारलेल्या अठरांपैकी बारा पास, सहा नापास. टकटकने हा हिशेब माझ्यावर बसून वहीत मांडला आणि ग्रंथपाल बाईंना दाखवला. "बघा, बाई. दोन्हीकडे तिघांतले दोन पास. ही बिचारी काहीच करत नाही."

"सांख्यिकी आली म्हणायची तुला," बाई म्हणाल्या.

नापास झालेल्या तिघांत मॉनिटर होती. ती यादी पाहून आली तेव्हा पायऱ्यांवरचे सगळे बोलायचे थांबले. ती काय म्हणणार, हे ऐकायला मीही श्वास रोखला, म्हणजे दगडाला जेवढा रोखता येतो तेवढा. ती हळूहळू उतरली. माझ्यापाशी आली. खाली बसली, अगदी मधोमध.

"मावशी, पाणी द्या ना," ती म्हणाली.

मावशींनी तांब्या दिला. कुणीतरी मागून कुजबुजले, "पाय ठेवला होता ना तिनं..." मॉनिटरने मान वळवली. डोळे लाल होते, पण आवाज स्पष्ट होता. "गप बसा. सूत्र उलटं लिहिलंय मी. पायरीनं नाही लिहिलं."

मग ती टकटककडे वळून म्हणाली, "उद्यापासून शिकवशील? पहिल्या धड्यापासून?"

"उद्या कशाला?" टकटकने वही उघडली. "आत्ता बस."

मित्रांनो, बावीस वर्षांत माझ्या बाजूने बोललेली सगळी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण पास होऊन माझी बाजू घेणे सोपे असते. नापास होऊन माझी बाजू घेणाऱ्या या दोघी माझ्या दृष्टीने या महाविद्यालयात पहिल्या आल्या.

आता अलीकडे एक नवेच खूळ निघाले आहे. काही मुले परीक्षेला जाताना वाकून मला हात लावतात आणि तो कपाळाला लावतात. एकाने तर परवा माझ्यावर फूल ठेवले. ते फूल मावशींनी झाडूने बाजूला सारले, आणि मला फार बरे वाटले. नको मला ते! मी अशुभ नव्हते, तशीच शुभही नाही. मी पायरी आहे, आणि पायरी असणे ही काही लहानसहान गोष्ट नाही.

काही द्यायचेच असेल तर एवढे करा. माझ्यावर काही सांडले तर लगेच पुसा आणि पुसल्यावर वाळू टाकायला विसरू नका. चढताना वही मिटा. पूर्ण पाय ठेवा, कठडा धरा. मागून कुणी कुबडी घेऊन येत असेल तर घाई करू नका. आणि एखाद्या वर्षी नापास झालात तर निःसंकोच माझ्यावर येऊन बसा. दगड तापलेला असेल तर खाली दप्तर घ्या. हवे तेवढे रडा, मला सवय आहे. पण रडून झाले की उठा आणि चार पायऱ्या चढून जा, कारण फेरपरीक्षेचे अर्ज वरच मिळतात.